केळीच्या बागेत ताऱ्यांचे बारकोड

एक कॅमेरा, एक ट्रायपॉड, काचेचा एक छोटासा तुकडा आणि अर्धापूरची अंधारी रात्र. एका हटके वीकेंडची ही गोष्ट...

वीकेंड म्हटलं की आपल्या डोक्यात ठरलेली चार-पाच नावं येतात. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग आणि उत्साह जरा जास्तच असेल तर गोवा. तिथे जायचं, घाटात दोन तास अडकायचं, शंभर फोटो काढायचे आणि सोमवारी ऑफिसात 'सॉल्लिड धमाल केली यार' म्हणून सांगायचं. या यादीत अर्धापूर हे नाव तुम्हाला सापडणार नाही. आणि खरं सांगायचं तर, सापडत नाही तेच बरं आहे!

अर्धापूर म्हणजे नांदेडपासून साधारण वीस किलोमीटरवर, हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. मराठवाडा म्हटलं की आपल्याला फक्त दुष्काळ आठवतो. इथे मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी, काळी जमीन आणि शेतकऱ्यांची हौस असं सगळं जुळून आलं आणि 'अर्धापुरी केळी' हे नाव बाजारात रुजलं. मधूनमधून हळदीचे प्लॉट, गावात केशवराजाचं जुनं देऊळ, जवळच दाभडचं बावरीनगरचं महाविहार. दिवसभराचा कार्यक्रम एवढ्यावर होतो.

पण आम्ही गेलो होतो ते रात्रीसाठी.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण मूळची अर्धापूरची. आता ती पुण्यात एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या आणि रात्री ताऱ्यांच्या उजेडातल्या रेषा, असा तिचा सध्याचा फंडा आहे. 'माझ्या काकांच्या शेतात चल, तुला तारे काय खातात ते दाखवते,' असं तिनं मला फोनवर सांगितलं. एवढं ऐकल्यावर नाही कोण म्हणणार? फेब्रुवारी अखेरची अमावास्या बघून आम्ही बॅगा भरल्या.

दुर्बीण? ती कशाला?

आकाश बघायचं म्हणजे दुर्बीण हवी, आणि दुर्बीण म्हणजे दोन महिन्यांचा पगार, असा आपला समज असतो. तिच्या बॅगेत दुर्बीण नव्हतीच. साधा डीएसएलआर, ५० मिलिमीटरची लेन्स, ट्रायपॉड, शटरला हात न लावता क्लिक करणारा रिमोट आणि डबीत जपून ठेवलेली काचेची एक गोल चकती. ती चकती म्हणजे या खेळातली हिरॉईन. तिचं नाव ग्रेटिंग.

ग्रेटिंग म्हणजे काय, हे कळायला जुनी सीडी हातात घ्या. उजेडात तिरकी धरली की तिच्यावर इंद्रधनुष्य नाचतं, कारण सीडीवर एका मिलिमीटरमध्ये सव्वासहाशेच्या आसपास बारीक ओळी असतात. त्या ओळी प्रकाशातले रंग सुटे करतात. ग्रेटिंगही तेच करतं, पण जास्त शिस्तीत. हौशी लोक वापरतात त्या स्टार अ‍ॅनालायझर १०० नावाच्या चकतीवर मिलिमीटरला १०० ओळी असतात. ही चकती लेन्सच्या पुढे बसवली की फोटोत तारा एका बाजूला दिसतो आणि त्याच्या शेजारी त्याच्या रंगांची पट्टी. तीच त्या ताऱ्याचा वर्णपट.

आता गंमत बघा. तारा फोटोत ठिपका दिसतो, म्हणून त्याचा वर्णपटही दोऱ्यासारखा बारीक येतो. त्यात रेषा शोधणं म्हणजे सुईच्या टोकावर नाव वाचण्यासारखं. मग हा दोरा रुंद कसा करायचा? काहीच करायचं नाही! पृथ्वी फिरतेच आहे. शटर तीस सेकंद उघडं ठेवलं की तारा पूर्वेकडून पश्चिमेकडे किंचित सरकतो. चकती अशी फिरवायची की तिच्यावरच्या ओळी ताऱ्याच्या सरकण्याच्या दिशेला समांतर राहतील. मग रंग उत्तर-दक्षिण पसरतात, तारा पूर्व-पश्चिम सरकतो आणि दोऱ्याची होते रिबन. आमच्या हिशेबानं तीस सेकंदांत ही रिबन साधारण पंचवीस पिक्सेल रुंद आणि पावणेचारशे पिक्सेल लांब होत होती. मोठ्या वेधशाळांमध्ये तारा एका जागी धरून ठेवायला महागड्या मोटारी लागतात. इथे तारा सरकतो, त्याचाच आपण उपयोग करून घ्यायचा.

'काय काढायलाव?'

शेतात पोहोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. विहिरीशेजारी मोकळी जागा होती, तिथे ट्रायपॉड लावला. केळीची पानं वाऱ्यावर सळसळत होती आणि त्यांच्या वर आकाश असं काही भरलं होतं की मी पाच मिनिटं नुसती मान वर करून उभी राहिले. पुण्या-मुंबईत आपण तारे मोजू शकतो. इथे मोजायचं नावच काढू नका.

काका बॅटरी घेऊन आले. त्यांची झोप तशीही झालेली नव्हती. शेतपंपाची थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीत होती, म्हणजे दहा वाजता वीज येणार आणि मग पहाटेपर्यंत पाणी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आकाशदर्शनाचा क्लब काढावा लागत नाही, महावितरणचं वेळापत्रक त्याला रात्रभर आकाशाखाली उभं करतं!

'काय काढायलाव गं माय? फोटू?'

'काका, ताऱ्याचा उजेड फोडायचाय.'

'फोडा फोडा. पण पाईपावर पाय नका देऊ.'

पहिला नंबर व्याधाचा. आपल्या रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, पृथ्वीपासून साडेआठ प्रकाशवर्षांहून थोडा लांब. क्लिक. तीस सेकंदं कुणीच बोललं नाही. मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम केलं, तर लाल, हिरव्या, निळ्या रंगांची सुंदर पट्टी आणि निळ्या-जांभळ्या भागात बारीक काळ्या चिरा. एक, दोन, तीन. बारकोडसारख्या!

या चिरा हायड्रोजनच्या. ताऱ्याच्या आतून येणाऱ्या प्रकाशातले नेमके तेवढेच रंग त्याच्या वातावरणातला हायड्रोजन गिळून टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याची गिळायची जागा ठरलेली. हायड्रोजनची ४८६, ४३४, ४१० नॅनोमीटरला. लाल भागातही एक आहे, ६५६ला, पण साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर तो लाल रंग बराचसा अडवतो, त्यामुळे ती रेषा फिकट दिसते. थोडक्यात काय, तर मॉलमधल्या काऊंटरवरची मुलगी बिस्किटाच्या पुड्याचा बारकोड वाचते, तसा आम्ही अर्धापूरच्या शेतात उभं राहून व्याधाचा बारकोड वाचत होतो.

दुसरा नंबर काक्षीचा, म्हणजे मृगातल्या त्या तांबूस ताऱ्याचा. त्याची पट्टी एकदम वेगळी निघाली. बारीक चिरा नाहीतच, त्याऐवजी जिन्याच्या पायऱ्यांसारखे रुंद, धूसर पट्टे. हे टायटॅनियम ऑक्साईडचे. त्याचा भाऊबंद टायटॅनियम डायऑक्साईड आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो. व्याधाचा पृष्ठभाग दहा हजार अंशांच्या घरात, तिथे असला रेणू टिकणारच नाही. काक्षी जेमतेम साडेतीन हजारांवर, म्हणून तिथे तो सुखानं नांदतो.

मग हायड्रोजन काक्षीत नाही का? आहे की, भरपूर आहे. पण रेषा दिसायला अणू नेमक्या तापमानाला तयार असावे लागतात. गार ताऱ्यात ते झोपलेले, फार तापलेल्या ताऱ्यात त्यांचे इलेक्ट्रॉन उडून गेलेले. या कोड्याची किल्ली १९२० मध्ये मेघनाद साहांनी शोधली. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचा हा मुलगा. त्यांच्या सूत्राचा आधार घेऊन सिसिलिया पेन हिनं १९२५ मध्ये दाखवून दिलं की तारे मुख्यत्वे हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. तारे काय खातात, याचं उत्तर असं खेड्यातून निघून हार्वर्डपर्यंत गेलं होतं. आता तेच उत्तर आमच्या कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर दिसत होतं.

रुळांवरचा इतिहास

येताना आम्ही पुण्याहून कुर्डुवाडी-लातूरमार्गे येणारी रेल्वे पकडली होती. दौंड सुटल्यावर काही वेळानं जेऊर हे सोलापूर जिल्ह्यातलं स्टेशन लागतं. चहावाला चढतो आणि गाडी पुढे निघते. या स्टेशनाचं नाव जगभरच्या खगोल अभ्यासकांच्या अहवालांत आहे, हे डब्यातल्या किती जणांना माहीत असेल?

२२ जानेवारी १८९८ रोजी इथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्पबेल आपली यंत्रं घेऊन जेऊरला आला होता. आणि पुण्याहून आले होते कावसजी दादाभाई नायगामवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली २० इंची दुर्बीण बराच काळ देशातली सगळ्यात मोठी होती आणि काम होतं वर्णपटांचं! पण नायगामवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळेला कुलूप लागलं. यंत्रं कोडाईकनालला रवाना झाली. एक माणूस गेला आणि पुण्यातलं ते सगळं काम थांबलं.

त्याच १८९८च्या ग्रहणासाठी इंग्लंडहून नॉर्मन लॉकियर आपल्या विजयदुर्गला आला होता. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या कट्ट्या'वर १८६८ मध्ये त्याला हेलियम सापडला, अशी गोष्ट आपण कोकणात ऐकतो. पण १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होता. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टचं ग्रहण आपल्या भागातून गेलं खरं. गुंटूरला फ्रान्सचा जान्सन, जमखिंडीला जॉन हर्शेल अशी मंडळी वर्णपटदर्शक घेऊन बसली होती. लॉकियरनं मात्र ऑक्टोबरमध्ये घरच्या घरी, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेवरची ती अनोळखी पिवळी रेषा तपासली. पुढे तिच्यावरून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं. आधी सूर्यावर सापडलं आणि मग आपल्या पायाखाली... रेषा वाचण्याची ताकद ही अशी!

मराठवाड्याचंही यात थोडं नातं आहे बरं का. १९४८ पर्यंत नांदेड हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाच्या राजधानीत निजामिया वेधशाळा होती आणि तिथे काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा तिच्याच अंगणात वाढला. त्याचं नाव वेणू बापू. ताऱ्याच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या एका रेषेची रुंदी मोजून ताऱ्याची खरी तेजस्विता सांगता येते, हे ओलिन विल्सन यांच्यासोबत १९५७ मध्ये मांडणारे ते हेच. 'विल्सन-बापू परिणाम' म्हणून जगभर ते शिकवलं जातं.

दक्षिणेची खिडकी

रात्रीचे दहा. वीज आली, मोटार घुरघुरली, काका वाफ्याकडे पळाले. आणि मैत्रिणीनं कॅमेरा दक्षिणेकडे वळवला. ज्यासाठी एवढा प्रवास केला तो तारा आता दक्षिणेला त्याच्या सर्वांत वरच्या जागी आला होता. नाव गॅमा व्हेलोरम. अगस्त्याच्या डावीकडे, थोडा वर.

हा तारा साधासुधा नाही. तो वुल्फ-राये जातीचा आहे. असले तारे इतके पेटलेले असतात की आपलं बाहेरचं कवच स्वतःच वाऱ्यासारखं उधळून देतात. बाकी ताऱ्यांच्या पट्टीत काळ्या चिरा असतात, याच्या पट्टीत उलट चमकत्या रेषा! आमच्या फोटोत निळ्या भागात एक ठसठशीत चमकता पट्टा आला आणि पिवळ्यात आणखी. हा सगळा कार्बन. हजारेक प्रकाशवर्षांवरून आलेला कार्बनचा उजेड, केळीच्या बागेत. मी अक्षरशः ओरडले. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रंही ओरडलं.

लंडन-पॅरिसच्या हौशी मंडळींना हा तारा घरून कधीच दिसत नाही, तिथे तो उगवतच नाही. अर्धापूरहून तो क्षितिजावर २३ अंश चढतो, अगस्त्य १८ अंश. म्हणजे महागडी यंत्रं त्यांच्याकडे असली, तरी हा तारा आपल्या वाट्याला आलाय.

पण दक्षिणेलाच नांदेड आहे. त्या बाजूला क्षितिजावर पांढुरका उजेड पसरलेला होता आणि आमच्या फोटोतही रेषांच्या मागे धुकं होतं. मैत्रिणीनं तिचे जुने फोटो काढून दाखवले. तोच तारा, तीच जागा, फक्त चार वर्षांपूर्वीचा फोटो. धुकं स्पष्ट कमी.

यात एक बारीक गोम आहे. पूर्वी रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे असायचे. त्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात. तेवढा भाग फिल्टरनं कापला की बाकीचं आकाश बरंचसं आपलं. पांढऱ्या एलईडीचं तसं नाही. त्याचा उजेड ४५०च्या निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरतो. कापणार काय? गॅमा व्हेलोरमची निळी रेषा ४६५ला आहे, म्हणजे एलईडीच्या निळ्या शिखराच्या अगदी शेजारी. सोडियमचा दिवा चोर होता, पण एकाच खोलीत शिरायचा. हा सगळं घर धुऊन नेतो. उजेड असाच वाढत राहिला तर ही खिडकी सगळ्यात आधी बंद होईल, कारण हे तारे मुळातच खाली आहेत. डोक्यावरचा काक्षी बराच काळ टिकेल. अगस्त्य जाईल. ज्याच्या उदयावरून पावसाळा ओसरल्याचं आपल्या आजोबा-पणजोबांना कळायचं, तो अगस्त्य.

पहाटे चहा घेताना काकांनी विषय काढला. शेताजवळच्या चौकात हायमास्ट दिवा बसवायची मागणी गावानं केली आहे, आणि त्या अर्जावर त्यांचीही सही आहे. मैत्रीण गप्प झाली. काका म्हणाले, 'माय, तू वर बघतीस. मला खाली बघावं लागतंय. रात्री वाफ्यात पाय टाकताना जनावर दिसायला पाहिजे.' साप चावून शेजारच्या शिवारातला एक माणूस गेला होता. यावर आपण पुण्याहून येऊन काय बोलणार?

पण ती टेस्टर आहे, तिनं बग शोधलाच. तिनं चकती पुन्हा लेन्सवर लावली आणि काकांना लांबच्या एका उघड्या एलईडीचा वर्णपट दाखवला, मग मोबाईलवर दक्षिणेच्या आकाशाचे दोन्ही फोटो. म्हणाली, दिवा नको असं नाही. पण त्यावर टोपी हवी, तोंड खाली हवं, रंग पांढऱ्याऐवजी पिवळसर हवा. तेवढ्याच विजेत वाफ्यात उजेड जास्त पडेल. वर जातो तो उजेड ना सापाला दिसतो, ना तुम्हाला.

काकांनी बशीतला चहा संपवला. 'हौ, मग वर कुणाला दाखवायचाय उजेड? बिल तर आपल्यालाच.' आणि अर्ज परत लिहायला त्यांनी तिलाच बसवलं. मंजूर होईल की नाही, ते नगरपंचायत जाणे. पण निघताना त्यांनी एक गोष्ट विचारली, ती मला त्या सगळ्या रेषांपेक्षा जास्त आवडली: 'अगस्त्यात काय काय हाय, ते काढलं का नाही?'

काढलं होतं. हायड्रोजन, पण व्याधापेक्षा फिका. व्याधापेक्षा थोडा गार तारा.

तुम्हालाही जायचंय?

कसं जाल: मुंबईहून नांदेडला तपोवन आणि नंदीग्राम एक्सप्रेस आहेत. पुण्याहून लातूरमार्गे रेल्वे आहे, शिवाय रात्रीच्या बस. नांदेडहून अर्धापूरला एसटी आणि शेअर गाड्या मिळतात. मुक्काम नांदेडला केला तर सकाळी हुजूर साहिबचं दर्शन जमवा.

कधी जाल: नोव्हेंबर ते मार्च, अमावास्येच्या आसपास. गॅमा व्हेलोरम फेब्रुवारीअखेर रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेला सर्वांत वर असतो, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नऊला.

काय न्याल: मॅन्युअल सेटिंगचा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, ट्रायपॉड, ग्रेटिंग. मिलिमीटरला ५०० ओळींची स्वस्त फिल्मही चालते, फक्त तिचा वर्णपट ताऱ्यापासून सोळा-एक अंश लांब पडतो, त्यामुळे तारा फ्रेमच्या बाहेर ठेवावा लागतो. फोकस ताऱ्यावर हातानंच करा. सुरुवात आयएसओ १६०० आणि तीस सेकंदांनी.

घरी आल्यावर: इमेजजे या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीवर रेघ ओढली की आलेख मिळतो. कुठली रेषा कुठे, याची मोजपट्टी व्याधाच्या हायड्रोजनवरून बनवा. सरावासाठी बाल्कनीतून सोसायटीचे दिवे टिपा. जुना सीएफएल असेल तर पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६च्या रेषा लख्ख दिसतील.

आणि हो: कुणाच्याही शेतात विचारल्याशिवाय जाऊ नका. पायात बूट, हातात बॅटरी असू द्या. पाईपावर पाय देऊ नका. आणि परतताना केळीचा एक घड घ्यायला विसरू नका, ऑफिसात वाटायला पेढ्यांपेक्षा भारी!